डावीकडं झुकलेली नाव

हिरीबाईला आलेली निमंत्रणपत्रिका मीच वाचून दाखवली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं ती माझ्या हातातून घेतली, उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, "माह्यं नाव त्यायले कोनं सांगतलं?"

मी सांगितलेलं नव्हतं. तरी तिच्या त्या नजरेपुढं मला उगाचच चोरट्यासारखं झालं.

मी स्नेहा, आरोग्य उपकेंद्रातली नर्स. किन्हीराजाकडून आत आलं की एक धरण लागतं. अलीकडच्या काठावर गाव आणि आमचं उपकेंद्र, पलीकडच्या काठावर तांडा. रस्त्यानं तांड्यावर जायचं तर धरणाला वळसा घालून अकरा किलोमीटर, नावेनं पाव तास. ती नाव हिरीबाई चालवते. तांड्यावर लहानथोर सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. पाच वर्षांत मीही तेच म्हणायला लागले.

याडीचा कुणावरच चटकन विश्वास बसत नाही. मी नवी होते तेव्हा लसींचा डबा उघडून दाखवल्याशिवाय तिनं मला नावेत पाय ठेवू दिला नव्हता. परका माणूस काठावर आला की ती आधी त्याच्या चपला पाहते, मग हात, आणि सगळ्यात शेवटी तोंड. पण तिचा हा स्वभाव आभाळातून पडलेला नाही. ती तरणी असताना दोन माणसं फीत घेऊन तिच्या ज्वारीच्या वावरात आली होती. "काही नाही बाई, नुसतं मोजून राह्यलो," असं म्हणाली होती. त्यानंतर तिसऱ्या वर्षी त्या वावरावर दोन पुरुष खोल पाणी उभं राहिलं. मोबदला मिळाला, पण कुणी 'नुसतं' म्हटलं की याडीचे कान आजही टवकारतात.

दोघं ऊसतोडीला जायची तेव्हा तिच्या नवऱ्यानं, हेमसिंगनं, तिकडच्या नदीवर नावा पाहिल्या होत्या. धरणानं तांड्याची वाट बुडवल्यावर त्यानं लोखंडी पत्रा आणि अँगल आणून किन्हीराजाच्या वेल्डरकडून एक नाव बनवून घेतली. सहा वर्षं त्यानं चालवली, मग काविळीनं गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी याडीनं वल्हं उचललं. त्याला आता तेरा वर्षं झाली. मुलगा बादल आणि सून उज्ज्वला दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, मग घरी ती एकटीच.

पत्रिका वाशीमहून आली होती. तिथल्या मोठ्या तलावावर विभागीय नौका प्रदर्शन भरणार होतं आणि नाव चालवणारी महिला म्हणून तिचा सत्कार होणार होता. दिवाळीत कुणीतरी येऊन तिच्या नावेचा फोटो काढून गेला होता, तो तिला आता आठवला.

"मी तवाच म्हनलं होतं. फोटो फुकट नसते काढत कोनी."

"याडी, सत्कार आहे. चांगलंच आहे की."

"एवढ्या वर्सांत कोनाले दिसलो नाई. आताच काहून दिसलो?"

"मग नको जाऊस."

"नाई गेलं तं मांगून काय ठरवतीन थे कसं समजीन?" ती म्हणाली. "जा लागते. तू चाल संगं. तुले वाचता येते."

जानेवारीतल्या एका सोमवारी आम्ही पहिल्या बसनं मालेगावला आणि तिथून वाशीमला गेलो. साडेनऊला तलावावर पोचलो, तेव्हा मांडवात खुर्च्या लागत होत्या आणि लाऊडस्पीकरवर कुणीतरी नुसतं 'हॅलो हॅलो' करत होतं. काठावर नावाच नावा. पुरात माणसं काढायच्या रबरी बोटी, छपरावर सोलर पाट्या लावलेली एक लांबलचक बोट, पायानं चालवायचे पांढरे हंस. एका कोपऱ्यात भोई मंडळींनी ट्रॅक्टरच्या ट्यूबचा आणि थर्माकोलचा आपला रोजचा तराफाही आणून ठेवला होता. याडी सगळ्यात जास्त वेळ तिथंच रमली. बाकीच्या नावा तिनं बाजारात बैल पाहावा तशा पाहिल्या. मागं जाऊन, पोटाखाली हात घालून. हंसापुढं उभी राहून म्हणाली, "याले मान कायले देली? वारं धरते फक्त."

एका दुकानावर लाइफ जॅकेटं टांगली होती. तिनं एक काढून दाबलं, वास घेतला आणि दुकानदाराला म्हणाली, "पान्यात टाकून दाखव."

"डिस्प्लेचं हाय, मावशी. ओलं होईन."

"पान्यातलं वस्त्र पान्यात ओलं होते म्हनून टाकून नाई राह्यला," ती माझ्याकडं वळून म्हणाली. दुकानदारानं ते जॅकेट तिच्या हातून काढून पुन्हा टांगलं.

एवढ्यात छातीला बिल्ला लावलेला, हातात फाईल घेतलेला एक जण लगबगीनं आला. आयोजकांच्या बाजूचा हा अमरदीप. सत्काराची सगळी व्यवस्था त्याच्याकडं होती. त्यानं याडीला वाकून नमस्कार केला आणि फाईलमधून एक कागद काढला.

"हिरीबाई, इथं नुसती सही करा. बाकी आम्ही भरून घेतो."

याडीनं कागद माझ्याकडं दिला. वरती 'मी खाली सही करणार' एवढं छापलेलं होतं आणि त्याखाली आठ-दहा ओळी मोकळ्या होत्या. मी तसं तिला सांगितलं.

"सही येत नसेल तर अंगठा चालतो," अमरदीप म्हणाला.

"सही येते," याडी म्हणाली. "येते म्हनूनच करत नाई."

तो हसला, नंतर बघू म्हणाला आणि कार्यक्रम सांगू लागला. दुपारी दोनला मोठे साहेब येणार. सत्कार झाला की समोरच्या पांढऱ्या नावेतून पहिली फेरी निघणार. पुढच्या बाकावर शाल घेतलेल्या हिरीबाई आणि मागं शाळेच्या वीस मुली. मुली येऊनही बसल्या होत्या, निळ्या गणवेशातल्या, सातवी-आठवीच्या. जॅकेटं एका ढिगात पडली होती आणि फोटो चांगला यावा म्हणून ती घालायची नाहीत, असं कुणीतरी सांगून गेलं होतं.

ती पांढरी नाव काठापासून दहा-बारा फुटांवर दोरीनं बांधलेली होती. फायबरची, कोरी करकरीत, दोन्ही बाजूंना निळा पट्टा. काठावर तिचा फलक होता, 'कधीही न बुडणारी नौका'. फलकापाशी नागपूरहून आलेला तिचा विक्रेता उभा होता. प्रसेनजित त्याचं नाव, तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत होता की बाकांखाली हवाबंद कप्पे आहेत, ही नाव पाण्यानं काठोकाठ भरली तरी तळाला जात नाही.

याडी त्याचं ऐकत नव्हती. नावेकडं पाहत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हटलं, "याडी, सावलीत चल." ती हलली नाही.

"सिस्टर, थे नाव रिकामी हाय ना?"

"हो, कुणीच बसलेलं नाही."

"मंग डावीकडं काहून झुकून राह्यली?"

मला काहीच दिसेना. तिनं निळ्या पट्ट्याकडं बोट केलं. उजवीकडं पट्टा पाण्याच्या वर वीतभर होता, डावीकडं जेमतेम चार बोटं. एकदा दाखवल्यावर मात्र दुसरं काही दिसेनाच.

तिनं प्रसेनजितला हाक मारली. "ए भाऊ. तुही नाव तिरपी काहून हाय?"

"वाऱ्यानं, मावशी."

"वारं डावीकडूनच येऊन राह्यलं. वाऱ्यानं झुकती तं उजवीकडं झुकती."

तो पहिल्यांदाच मागं वळून स्वतःच्या नावेकडं नीट पाहायला लागला. "सकाळी त्या बाजूला सामान ठेवलं असेल," तो म्हणाला, पण आवाज जरा उतरला होता. याडीनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली. तोही बूट काढून मागोमाग गेला. मी काठावरून पाहत होते, आजूबाजूला माणसं जमायला लागली होती.

नावेत सामान नव्हतं. याडीनं आत वाकून उजव्या बाकाखाली बोटांनी ठोकलं. टण्ण वाजलं. मग डाव्या बाकाखाली ठोकलं. तो आवाज ओल्या भिंतीसारखा आला.

"ह्याच्यात काय हाय?"

"हवा आहे, मावशी. नुसती हवा."

"उघड."

"ते सीलबंद असतं. उघडायचं काम नाही."

"झाकन दिसून राह्यलं मले. उघड."

लोक हसले. प्रसेनजितही हसला, म्हातारीची समजूत घालावी म्हणून त्यानं बाकाखालचं गोल झाकण फिरवून काढलं आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत ओला. त्याचं हसू तिथंच थांबलं. त्यानं कुणाकडून तरी बादली मागून घेतली आणि मगानं पाणी उपसायला सुरुवात केली. पाच बादल्या निघाल्या तरी कप्पा रिता होईना. सगळं काढून झाल्यावर त्यानं मोबाइलचा टॉर्च लावून आत धरला. बाक जिथं नावेच्या कडेला जोडला होता तिथं केसाएवढी चीर होती.

"ट्रकमध्ये आदळली असेल," तो पुटपुटला. "सकाळपासून भरत होतं म्हणजे."

अमरदीप धावत आला. साहेब निघाले होते. "पाणी काढलं ना? मग झालं की! एक फेरी तर मारायची आहे, पाच मिनिटांची."

प्रसेनजित काठावर बसलेल्या मुलींकडं पाहत राहिला. एक मुलगी दुसरीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. त्यानं दोरी धरून नाव काठाला ओढली, तिचं तोंड चिखलात रुतवलं, वर आला आणि स्वतःच्या हातानं फलक उतरवला.

"मुली बसणार नाहीत यात," तो म्हणाला. "मी बसवणार नाही."

दोघांची बराच वेळ बाचाबाची झाली. शेवटी पहिली फेरी एका रबरी बोटीतून निघाली, जॅकेटं घालून, एका वेळी सहा मुली. मला वाटलं याडी आता खूश होईल. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लय लवकर कबूल झाला हा. ह्याच्या मांगं काय असंन?"

सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. शालीची शिवण तिनं स्टेजवरच उलटून पाहिली. अमरदीप तो कागद घेऊन पुन्हा आला, तिनं पुन्हा मान हलवली. तो कागद कशाचा होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित साधी हजेरीच असेल. पण मोकळ्या ओळी मीही पाहिल्या होत्या.

निघताना प्रसेनजित चहाचे तीन कप घेऊन आला. त्यानं घोट घेईपर्यंत याडीनं आपला कप ओठाला लावला नाही. मग तो म्हणाला, "मावशी, तुमच्या नावेला हवाबंद कप्पे किती?"

"माह्या नावेले कप्पा-बिप्पा नाई. थे बुडत नाई."

"पाणी भरलं तर?"

"भरतच नाई."

"सकाळी मी पण असंच म्हणत होतो," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्यानं स्वतःचं कार्ड माझ्या हातात दिलं आणि चिखलातली नाव काढायला गेला. याडीनं अर्धा चहा तसाच ठेवला.

परतताना मालेगावला बस बदलली तेव्हा मी शेंगदाणे घेतले, ते तिनं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, माझा तांड्यावर लसीकरणाचा दिवस. सकाळी काठावर आले तर याडी कमरेएवढ्या पाण्यात उभी. नाव उथळात, नावेत चार मोठे दगड, आणि ती बादलीनं धरणाचं पाणी नावेत ओतत होती. मी हाक मारली, तिनं हातानं थांब म्हटलं. बादल्या मोजत नव्हती, नावेच्या काठाकडं पाहत होती. काठ पाण्याला टेकला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग ती एवढी मोठी लोखंडी नाव काही आवाज न करता खाली गेली. वर थोडे बुडबुडे आले.

"बसली," याडी म्हणाली.

मी काठावर उभी होते. ती पाण्यातच उभी राहून नाव होती त्या जागेकडं पाहत होती.

"बायंतपनाच्या बाया नेल्या मी यातून. शायेची लेकरं नेली. तुले नेलं." तिचा आवाज बारीक झाला होता. "साऱ्या दुनियेवर शक घेतला. हिच्यावर नाई घेतला. त्याच्या हातची होती म्हनून."

हेमसिंगचं नाव तिनं घेतलं नाही. घेतही नाही ती.

त्या दिवसापासून नाव बंद. तांड्यावरची चार माणसं येऊन त्यांनी दोरानं ती बाहेर काढली आणि काठावर पालथी घातली. दुसऱ्याच दिवसापासून कुरकुर सुरू झाली. शाळेची मुलं अकरा किलोमीटर कुणाच्या तरी ऑटोत कोंबून जायला लागली. मी स्कूटीनं वळसा घालू लागले. सगळ्यात जास्त चिडला तो शालिग्राम. हा अलीकडच्या गावातला शेतकरी, धरणानं त्याचं अर्धं वावर पलीकडं तोडलेलं, रोज नावेनं जाणारा. तो पालथ्या नावेपाशी येऊन ओरडला, "एकोनीस वर्सं नाई बुडाली, आता कायले बुडते?"

"एकोनीस वर्सं कोनी भरून पाह्यली नाई," याडी म्हणाली.

"तू त्या वाशीमच्या लोकायचं आयकून आमचा रस्ता बंद करून राह्यली."

तो गेल्यावर मला म्हणाली, "लाव त्या पोराले फोन. पन माह्यासमोर बोल. आवाज मोठा ठेव."

मी प्रसेनजितला फोन लावला. नावेची लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी, माणसं किती बसतात, सगळं त्यानं विचारून घेतलं. म्हणाला, वीस लिटरचे रिकामे प्लास्टिकचे डबे घ्या, बूच घट्ट बंद करा, बाकांखाली दोन्ही बाजूंना सारखे बांधा. पंधरा तरी लागतील. याडीनं कुजबुजून मला विचारायला लावलं, हे सांगण्यात तुझा काय फायदा? तो म्हणाला, "ताई, आमच्या तशा अजून तीन नावा विकल्या गेल्या होत्या. तुमच्या मावशीमुळं परत बोलावून तपासल्या. मालक आधी चिडले होते माझ्यावर, फलक काढला म्हणून. पण अजून एकीत पाणी निघालं."

याडीनं किन्हीराजाच्या दुकानदारांकडून तेलाचे सतरा डबे जमवले. प्रत्येक डबा दगड बांधून रात्रभर पाण्याखाली ठेवला. दोन डब्यांत सकाळी पाणी खुळखुळलं, ते तिनं फेकले. उरलेले पंधरा तिनं लोखंडी पट्ट्यांनी आणि नायलॉनच्या दोरानं बाकांखाली आवळले. रविवारी दुपारी प्रसेनजित आला. कुणी बोलावलं नव्हतं. बसनं उतरून चालत, खांद्याच्या पिशवीत चिकटद्रव्याच्या दोन नळ्या.

"कायले आला?" याडीनं त्याच्या चपला पाहिल्या.

"बघायला."

"कोनं पाठवला?"

"कोणी नाही. सुट्टी आहे."

तिला ते पटलं नाही, हे तिच्या भुवयांवरून दिसत होतं. त्यानं बुचांभोवती चिकटद्रव्य लावलं, दोन दोर पुन्हा आवळले. ती त्याच्या डोक्यावर उभी राहून पाहत होती. संध्याकाळच्या आत नाव पाण्यात गेली.

"आता भरून पाहू," तो म्हणाला. "दगड टाका आत."

"दगड कायले? तू बस."

तो बसला. तमाशा पाहायला शालिग्राम आला होता, त्याच्याकडं वळून ती म्हणाली, "चाल, तुलेच घाई होती." तांड्यावरची आणखी सहा माणसं बसली, सगळी पोहणारी. पाणी छातीएवढंच होतं, तरी कडेनं दोर धरून चौघं उभे केले. मग याडीनं पहिली बादली ओतली, आणि आम्ही सगळेच ओतायला लागलो. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना आलं, मग मांड्यांना. शालिग्रामनं टोपी काढून दातात धरली. नावेचा काठ पाण्याला टेकला. याडीचा हात थांबला. मी तिच्याकडं पाहिलं, तिचे ओठ हलत होते.

नाव तिथंच राहिली. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये कमरेपर्यंत बुडालेली आठ माणसं, आणि खालून काहीतरी त्यांना धरून ठेवलेलं. याडीनं आणखी दहा बादल्या ओतल्या, त्या नुसत्या काठावरून वाहून गेल्या.

"अजून ओतता काय?" शालिग्राम टोपी दातात धरूनच म्हणाला.

"बस घडीभर," याडी म्हणाली.

अर्धा तास तिनं त्यांना तसंच बसवून ठेवलं. माघाची थंडी होती, प्रसेनजितचे दात वाजत होते. मग तिनं त्यांना उतरवलं, शेकोटी पेटवली, भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. तो जेवत असताना ती समोर बसून होती. त्याला आई-वडील आहेत का, नागपुरात कुठं राहतो, लग्न झालं का, इतक्या लांब स्वतःच्या पैशानं आला का, सगळं दोनदोनदा विचारलं आणि दोन्ही वेळची उत्तरं जुळतात का ते पाहिलं. जुळली. तरी त्याला वळसारस्त्यानं मोटारसायकलवर किन्हीराजाला सोडायला तांड्यातला एक जण पाठवताना तिनं त्याला बजावलं, "कोनाले भेटते, कोनाशी बोलते, पाहून ये."

तो सरळ बसमध्ये बसला आणि झोपी गेला, एवढंच त्या माणसानं येऊन सांगितलं.

सोमवारी नाव सुरू झाली. पहिल्या खेपेला काठावर दहा जण होते. पूर्वी बारा बसायचे. याडीनं आठ बसवले, एकेकाला जागा दाखवून, आणि वल्हं टेकवून नाव सोडली. शालिग्राम नववा होता. तो काठावर उभा राहून हातवारे करत काहीबाही बोलत होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पंधरा-वीस हात पुढं गेल्यावर मात्र तिथूनच ओरडली, "खाली बस! येतो मी परत!"

आणि शालिग्राम दगडावर खाली बसला.